सरदाराच्या घरातलं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या (कारकीर्द १५५८ ते १६०३) सर्वांत लाडक्या सरदाराची, रॉबर्ट डडलीची ओळख करून दिली होती. हाच १५६४ पासूनचा अर्ल ऑफ लेस्टर. त्यावर जी पत्रं आली त्यांत राजकारण कमी आणि घरातल्या चौकशा जास्त आहेत : ल्यायचा काय, जेवायचा काय, लग्नं अशी चोरून का लावायचा. निम्मी पत्रं बडोद्यातल्या नाटकवाल्यांची असल्यामुळे काही उत्तरं मापासकट दिली आहेत.

प्रश्न : आमच्या दोन अंकी नाटकात डडली मुख्य पात्र आहे. प्रयोग जुलैत. गळ्याभोवतीचा चुण्यांचा गोल ‘रफ’ आम्ही कॅनव्हासचा शिवला आणि वर स्प्रे-स्टार्च मारला. पहिल्या प्रवेशात ताठ असतो, मध्यंतरापर्यंत भिजल्या पापडासारखा होतो. कुठे चुकतंय? (मांजलपूर)

उत्तर : कापड चुकतंय, खळ चुकतेय, आणि महिना तर चुकलेलाच आहे.

रफला ताठपणा जाड कापडाने येत नाही. पातळ कापड, भरपूर लांबी आणि शिजवलेली खळ या तिन्हींनी मिळून येतो. मूळ रफ तलम लिननचे असत. त्यांना खळ घालायची विद्या लंडनमध्ये १५६४ साली डिंगन व्हान डर प्लास या फ्लेमिश बाईंनी आणली. शिकवणीचे त्या चार-पाच पौंड घेत, आणि खळ शिजवायची कशी हे सांगायचे वीस शिलिंग वेगळे! ही खळ गव्हाची असे. चुण्यांना आकार द्यायच्या कांड्या आधी लाकडाच्या नाहीतर हाडाच्या होत्या, पुढे पोलादी आल्या. पोलादी कांडी तापवता येते, त्यामुळे ओलसर चुणी बसवल्या जागीच वाळते. तुमच्या रफमध्ये हीच पायरी राहून गेली आहे.

आता माप. गळा ४० सेंटिमीटर धरा. पांढरी मलमल अर्धा मीटर पुरते : ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून १० सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या काढा आणि बारीक शिवणीने जोडा. साधारण चार मीटर लांबी हातात येईल. दोन्ही लांब कडा दुमडून शिवल्यावर रुंदी नऊ सेंटिमीटर उरेल. कापड आधी गरम पाण्यात धुऊन गिरणीची खळ काढून टाका, नाहीतर तुमची खळ आत शिरतच नाही.

एका कडेला पेन्सिलीने दर सेंटिमीटरला ठिपका द्या, अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरी ओळ, ठिपके एकाखाली एक. जाड दोऱ्याने दोन्ही ओळींवर धावदोरा घाला आणि दोन्ही दोरे एकदम ओढा. चार मीटरच्या साधारण दोनशे बारीक चुण्या होऊन ४० सेंटिमीटरमध्ये बसतील. प्रत्येक चुणी अडीच सेंटिमीटर रुंद गळपट्टीला वर एक आणि खाली एक टाका घालून शिवा. मशीन इथे चालवू नका. मशीनखाली चुण्या आडव्या पडतात आणि पुढे त्यांची आठासारखी वळणं उमलत नाहीत. गळपट्टीच्या टोकांना बंद लावा.

एक लीटर पाण्याला ४० ग्रॅम कॉर्नफ्लॉर घ्या. ते आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्या, बाकीचं पाणी उकळलं की त्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि गाळा. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, आणि वाळल्यावर त्यांचे पांढरे ठिपके तिसऱ्या रांगेतूनही दिसतात. किंचित नीळ घातली तर पिवळसर झाक जाते. रफ बुडवा, दाबून पिळा (मुरगाळू नका) आणि दमट राहील इतपतच वाळू द्या. मग केस कुरळे करायच्या मशीनचा दांडा एकदा वरून, एकदा खालून घालत बाहेरच्या कडेला आडव्या इंग्रजी आठासारखी वळणं बसवा. दहा सेंटिमीटर कापडाला एक आठ या हिशोबाने चाळीस होतील. शेजारच्या दोन वळणांना जिथे ती टेकतात तिथे बारीक टाचणी लावा आणि पंख्याखाली रात्रभर ठेवा. बाहेर गॅलरीत नको.

एवढं करूनही जुलैत खळ हवेतलं पाणी ओढणारच. तेव्हा इंग्लंडातही एका सरीत रफचा निकाल लागायचा, आणि तो उचलून धरायला रेशीम गुंडाळलेल्या तारेची चौकट खालून लावत. तुम्ही तशी चौकट करा, नाहीतर सरळ सिंथेटिक ऑर्गन्झा वापरा. त्याला खळ लागत नाही, पण दांडा सर्वांत कमी आचेवर ठेवा, कापड वितळतं. आणि खळ घातलेला रफ पुढच्या प्रयोगापर्यंत तसाच पेटीत टाकू नका, झुरळं खातात. धुऊन ठेवा आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी पुन्हा घाला.

घालायचा क्रमही जपा : शर्ट, पायमोजे, मग डब्लेट (अंगाला घट्ट बसणारं जाकीट), त्याच्या खालच्या कडेच्या भोकांतून धातूच्या टोकाच्या नाड्या ओवून फुगीर तुमान डब्लेटलाच बांधायची, त्यानंतर रफ, मग वरचा झगा, तलवारीचा पट्टा आणि टोपी. तुमानीला कमरेला वेगळा पट्टा नसे. नाड्या एकट्याला बांधता येत नाहीत. सरदाराला कपडे चढवायला माणूस लागायचा तो असा, नुसता थाट म्हणून नव्हे. नाड्या घट्ट बांधल्या तर नट राणीपुढे गुडघा टेकायला वाकला की भोक फाटतं. तालमीत गुडघा टेकूनच गाठ मारा.

प्रश्न : लेस्टरने दुसरं लग्न चोरून केलं, त्याचा सावत्र मुलगा अर्ल ऑफ एसेक्स याने चोरून केलं, दरबारातल्याच अर्ल ऑफ साउदॅम्प्टननेही. सज्ञान पुरुषाला राणीची परवानगी लागावी असा कायदा होता का? (निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, रावपुरा)

उत्तर : तुमचा व्यवसाय उत्तराला सोयीचा आहे, कारण इथे तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या जातात.

पहिली अज्ञान वारसाची. राजाकडून लष्करी चाकरीच्या अटीवर धरलेल्या जमिनीचा वारस अज्ञान असेल, तर त्याचं पालकत्व राजाकडे जाई आणि त्याचं लग्न ठरवायचा हक्कही. हे पालकत्व विकत मिळे. त्यासाठीचं ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ १५४० चं. हे नाव आपल्याकडच्या संस्थानी कागदांत तुम्ही पाहिलेलं असणार, ते तिकडूनच आलं. १५६१ पासून १५९८ पर्यंत या कोर्टाचा प्रमुख विल्यम सेसिल, पुढचा लॉर्ड बर्ली. साउदॅम्प्टनचा वडील १५८१ मध्ये वारला तेव्हा मुलगा पुरता आठ वर्षांचाही नव्हता, तो बर्लीच्या ताब्यात आला. बर्लीने आपली नात एलिझाबेथ डी व्हिअर त्याला देऊ केली. मुलाने नकार दिला. पालकाने ठरवलेलं योग्य स्थळ नाकारलं तर लग्नाची किंमत भरून द्यावी लागे. साउदॅम्प्टनला ५,००० पौंड मोजावे लागल्याची तेव्हा बोलवा होती.

दुसरी राजरक्ताची. १५३६ च्या कायद्याने राजाच्या जवळच्या नातलगाशी विनापरवाना लग्न म्हणजे राजद्रोह. अर्ल ऑफ हर्टफर्डने १५६० च्या डिसेंबरात सिंहासनाच्या वारसांपैकी एक असलेल्या कॅथरीन ग्रेशी गुपचूप लग्न लावलं. साक्षीदार एकच, त्याची बहीण जेन. ती १५६१ मध्ये वारली. भटजी कोण होता ते दोघांनाही सांगता येईना. दोघं टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदेत गेली, चौकशी मंडळाने लग्नच झालं नाही असा निकाल दिला आणि मुलगा अनौरस ठरला. हर्टफर्डला दंड १५,००० पौंड.

तिसरी बाकी सगळ्यांची, आणि लेस्टर इथे येतो. त्याला कुठल्याही कायद्याने मनाई नव्हती. तरी घर, जमीन, पद, उत्पन्न सगळं राणीच्या हातून आलेलं, आणि ते तिच्या मर्जीवरच टिकायचं. तिची नाराजी हीच शिक्षा, आणि तिच्यावर अपील नाही.

त्या काळी इंग्लंडात दोघांनी वर्तमानकाळात ‘मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’, ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते’ असं म्हटलं की लग्न बांधील होई. चर्च नसलं तरी चाले. ही मुभा १७५३ पर्यंत होती. पण न्यायालयात ते शाबीत करायला साक्षीदार हवेत, आणि हर्टफर्डचं घोडं तिथेच अडलं. लेस्टरने धडा घेतलेला दिसतो. २१ सप्टेंबर १५७८ ला सकाळी वॉन्स्टेडच्या घरात लेटिस नोलिसशी त्याचं लग्न लागलं तेव्हा वधूचा बाप, वधूचा भाऊ, लेस्टरचा भाऊ अर्ल ऑफ वॉरिक, अर्ल ऑफ पेम्ब्रोक आणि लॉर्ड नॉर्थ एवढे साक्षीला होते. लग्न लावणाऱ्या टिंडल नावाच्या धर्मगुरूचा १५८१ मधला जबाबही आहे, त्यात वधूने सैल झगा घातला होता ही नोंदसुद्धा आहे. त्यावरून वाचणाऱ्यांनी काढायचा तो अर्थ काढला आहे. राणी दोनच दिवसांनी त्याच घरी पाहुणी आली, आणि कोणी तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी बातमी फुटली. लेस्टर काही दिवसांत परत दरबारात दिसू लागला, लेटिसला मात्र दरबार कायमचा बंद झाला.

याआधी डग्लस शेफील्ड या विधवेशी त्याचा संबंध होता, १५७४ मध्ये मुलगा झाला. तो मुलगा मोठेपणी ‘माझे आईबाप विवाहित होते’ म्हणून स्टार चेंबर या न्यायालयात गेला. पुरावा उभा राहिला नाही. १६०५ मध्ये तो देश सोडून इटलीला गेला, तिथे फ्लोरेन्सच्या सेवेत जहाजं बांधली आणि नौकानयनावरचा मोठा ग्रंथ लिहिला.

प्रश्न : पहिल्या बायकोला डडलीनेच जिन्यावरून ढकलून मारलं ना? नाटकात तसं दाखवायचं आहे. (दांडिया बाजार)

उत्तर : दाखवा, पण निदान त्याला त्या घरात उभा करू नका. तो तिथे नव्हता.

एमी रॉब्सार्टशी त्याचं लग्न ४ जून १५५० चं. एलिझाबेथ गादीवर आल्यावर तो राजपागेचा प्रमुख झाला, म्हणजे राणी घोड्यावर बसली की हा शेजारी. बायको मात्र दरबारी नव्हती, ती खेड्यांतल्या ओळखीच्या घरांतून राहायची. ८ सप्टेंबर १५६० ला, रविवारी, ऑक्सफर्डजवळच्या कम्नर इथे तिने हट्टाने नोकरांना ॲबिंग्डनच्या जत्रेला पाठवलं. नोकर परत आले तेव्हा बाई जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेली. डडली विंडसरला राणीजवळ होता, दुसऱ्या दिवशी त्याला कळलं. चौकशीसाठी त्याने थॉमस ब्लाउंट या आपल्या माणसाला पाठवलं, पंचांनी कोणाचीही भीड न धरता चौकशी करावी असं पत्रात कळवलं, आणि स्वतः क्यू इथल्या घरी जाऊन राहिला. अंत्यविधीला तो गेला नाही यावर आज लोक भुवया उंचावतात. पण बाईच्या अंत्ययात्रेत मुख्य शोककर्ती बाईच असायची, तो रिवाजच होता.

पंचांचा निकाल अपघात. मूळ पंचनामा २००८ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडला : मान मोडलेली, डोक्याला दोन जखमा, एक सुमारे पाव इंच खोल, दुसरी दोन इंच. ही दुसरी जखम संशय घेणाऱ्यांच्या कामाची आहे हे कबूल. दुसऱ्या बाजूला, आदल्या वर्षीच स्पेनच्या राजदूताने तिच्या स्तनाला आजार असल्याचं कळवलं होतं, आणि तो कर्करोग मणक्यांपर्यंत गेला असेल तर साध्या पडण्यानेही मान मोडू शकते असं एक वैद्यकीय मत आहे. आमचं मत विचाराल तर फायद्याचा हिशोब मांडा. बायको आजाराने गेली असती तर डडली राणीशी लग्नाला मोकळा होता. अशी गेली म्हणून ती वाट कायमची बंद झाली.

नाटकाला हवं तर यापेक्षा चांगलं साहित्य आहे. मरणाच्या दोन आठवडे आधी, २४ ऑगस्टला, एमीने लंडनच्या शिंप्याला लिहिलेलं पत्र शिल्लक आहे. मखमली झगा पाठवते आहे, त्याला मागच्या तांबूस तफेत्याच्या झग्यासारखीच कॉलर लावा आणि लवकर पाठवा, असा मजकूर. आत्महत्येची शंका घेणाऱ्यांनी आधी हे पत्र वाचावं.

प्रश्न : जेवणाचा प्रसंग आहे. ताटात काय ठेवू? (सयाजीगंज)

उत्तर : आधी घड्याळ बघा. सरदारांचं मुख्य जेवण सकाळी अकराला, दुसरं संध्याकाळी पाच-सहाला. व्यापारी बारा आणि सहाला जेवत, तेव्हा उशिरा जेवणं हे थोरपणाचं लक्षण नव्हतं. सुरी आणि चमचा ठेवा, काटा नको. मांस बोटांनी उचलत, म्हणून आधी आणि नंतर तस्त-झारीने हात धुवायचे. बसल्याजागी हात धुऊन घेणारा नोकर दाखवलात तर प्रसंग लगेच त्या काळातला वाटेल. चहा, कॉफी, टोमॅटो बाद. बिअर, तिच्यासारखीच एल, वाइन चालेल, वाइनमध्ये साखरही घालत. १५८० नंतरचा प्रसंग असेल तर मातीच्या चिलमीतून तंबाखू चालेल. शुक्रवारी, शनिवारी आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात) मांस बंद, मासे चालत. १५६३ मध्ये सेसिलने त्यात बुधवार वाढवला, आणि तो धर्मासाठी नव्हता : कोळी जगले तर आरमाराला खलाशी मिळतील हा हिशोब होता.

लेस्टर चाळिशीनंतर सुटला. १५७७ मध्ये तो बक्स्टनच्या गरम झऱ्यांवर गेला तेव्हा राणीने त्याच्या यजमानाला थट्टेने पथ्य लिहून दिलं : दिवसाला दोन औंस मांस, पिंटाचा विसावा भाग वाइन, झऱ्याचं पाणी हवं तेवढं, आणि सणाच्या दिवशी, एवढ्या मोठ्या माणसाला शोभावं म्हणून, दुपारी रेन पक्ष्याचा खांदा आणि रात्री त्याचीच तंगडी. रेन आपल्या चिमणीपेक्षाही लहान असतो.

प्रश्न : हे लोक आंघोळ करत नसत म्हणतात, आणि शौचाचं काय? (अलकापुरी)

उत्तर : अंगभर पाणी क्वचित. स्वच्छता लिननवर होती : तलम शर्ट वारंवार बदलायचा, कोरड्या कापडाने अंग घासायचं. म्हणून शर्टांची संख्या हीच श्रीमंती. शौचाला मखमलीने मढवलेली पेटी, आत कथलाचं भांडं, रिकामं करायला नोकर. पाण्याने वाहणारा संडास राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टनने केल्स्टनला बांधला आणि १५९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पाणी मुबलक असेल तर जितक्या वेळा सोडाल तितकं बरं, टंचाई असेल तर वीस माणसांतही दिवसातून एकदा पुरे, हा त्याचाच सल्ला.

प्रश्न : पगार नव्हता तर एवढा खर्च कशावर? (कारेलीबाग)

उत्तर : इजाऱ्यावर. गायकवाडी महसूल ज्यांनी वाचला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. गोड वाइनच्या आयातीवरची जकात वसूल करायचा हक्क सरदाराला मिळे. तो सरकारात ठरलेली रक्कम भरी, वरचं त्याचं. लेस्टरकडे हा इजारा होता, तो मेल्यावर त्याचा सावत्र मुलगा एसेक्स याला मिळाला. शिवाय जमिनी आणि कापड निर्यातीचे परवाने. ते परवाने सरदार स्वतः वापरत नसत, व्यापाऱ्यांना विकत.

अडचण ही की इजारा मुदतीचा आणि कर्ज कायमचं. राणीला घरी बोलावणं हाच केवढा खर्च : १५७५ च्या जुलैत ती केनिलवर्थला लेस्टरकडे एकोणीस दिवस होती. एसेक्सच्या इजाऱ्याची मुदत १६०० च्या सप्टेंबरअखेर संपली. आदल्या वर्षी तो आयर्लंडहून विनापरवाना परतून चिखलाच्या बुटांनिशी राणीच्या शयनगृहात घुसला होता, ती अजून सजलेलीही नव्हती. तिने इजारा पुन्हा दिला नाही, स्वतःकडे ठेवला. सावकार दाराशी आले. ८ फेब्रुवारी १६०१ ला त्याने लंडनच्या रस्त्यावर बंड केलं, २५ ला शिरच्छेद झाला. इतिहासाच्या पुस्तकांत बंडाची कारणं मानापमानाची देतात. आम्ही जकातीचं कारण आधी देऊ.

प्रश्न : रंगमंचावर पत्र लिहायचं आहे. शाई कशी करू? (फतेगंज)

उत्तर : १५७१ च्या एका इंग्रजी कित्त्यात शाईची कृती पद्यातच दिली आहे : क्वार्टभर वाइन, पाच औंस मायफळ, तीन औंस हिराकस, दोन औंस डिंक. म्हणजे साधारण एक लीटरला १४०, ८५ आणि ५५ ग्रॅम. तुम्हाला १०० मिलिलीटर पुष्कळ, सगळं दहाव्या हिश्शाने घ्या. मायफळ आणि हिराकस काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल. वाइनऐवजी उकळून गार केलेलं पाणी चालतं. मायफळ जाडसर कुटून काचेच्या बरणीत चार-पाच दिवस भिजवा, गाळा, मग हिराकस विरघळवा, शेवटी डिंक. लोखंडी भांडं नको. शाई लिहिताना फिकट दिसते आणि हवा लागून तासाभरात काळी होते. तेव्हा प्रेक्षकांना अक्षर लगेच दिसायला हवं असेल तर चिमूटभर काजळी घाला. हिराकस वाढवून काळेपणा आणायला गेलात तर कागद काही वर्षांत जळाल्यासारखा तुटतो. डिंक कमी पडला तर शाई पसरते, जास्त झाला तर पिसातून उतरत नाही. पीस हंसाचं, उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं. त्याची टोकाकडची केसरं काढून टाकत. चित्रात दिसतं तसं झुपकेदार पीस लिहिताना डोळ्यात जातं.

राणीला लिहायचं पत्र असेल तर मजकूर वर आणि सही पार तळाशी, मध्ये कोरी जागा, ती जागा म्हणजे अदब. लेस्टरला राणी ‘डोळे’ म्हणायची, म्हणून तो पत्रात भुवयांसकट दोन गोल काढी. त्याचं २९ ऑगस्ट १५८८ चं पत्र तिने ‘त्याचं शेवटचं पत्र’ असं लिहून जपून ठेवलं होतं.

ही शाई मलमलीच्या रफवर पडली तर ब्लीच लावू नका. डाग लोखंडाचा असतो, ब्लीचने तो तांबडा होऊन पक्का बसतो. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, दोन-तीनदा करावं लागेल.